टेक्निकल रायटिंगमधून इन्स्ट्रक्शनल डिझाईनकडे, ९ वर्षांनंतर जमेल का?

शब्दवेल

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज लिहूनच टाकते. मी पुण्यात बाणेरला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेक्निकल रायटर आहे, ९ वर्षं झाली या लाईनमध्ये. आमचं सॉफ्टवेअर गोदामांसाठीचं, म्हणजे माल आत घेणं, जीआरएन (आलेल्या मालाची नोंद), बॅच, एक्स्पायरी, डिस्पॅच हे सगळं. यूजर गाईड, अ‍ॅडमिन गाईड, रिलीज नोट्स मी आणि अजून एक जण बघतो, आधी टीममध्ये पाच जण होतो. आता गाईड लिहायला फ्लेअर हे टूल वापरते, आधीच्या कंपनीत डिटा (एकाच सोर्समधून वेगवेगळी कागदपत्रं काढायची एक्सएमएल पद्धत) होतं.

तर झालं असं की दिवाळीनंतर सपोर्टच्या मॅनेजरनी सांगितलं, नवीन मुलं जॉईन होतायत, त्यांचं ट्रेनिंग तूच बनव, प्रॉडक्ट तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही. मी अगदी मनापासून केलं. गाईडमधला एकेक चॅप्टर घेऊन ८६ स्लाईड्स, प्रत्येक स्क्रीनचा स्क्रीनशॉट, प्रत्येक फील्डचा अर्थ, शेवटी २० प्रश्नांची क्विझ. सगळे पास झाले. आणि दुसऱ्याच आठवड्यात तीच मुलं माझ्या डेस्कपाशी येऊन तेच विचारायला लागली जे स्लाईडवर ठळक अक्षरात लिहिलं होतं. मला ते खूप लागलं, मुलं हुशार आहेत, मेहनती आहेत, म्हणजे चूक त्यांची नाही. तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय की वाचून झालं आणि करता आलं यात एवढं अंतर का राहतं, आणि ते अंतर कमी करणं हेच ज्यांचं रोजचं काम आहे त्या लोकांत, म्हणजे इन्स्ट्रक्शनल डिझाईनमध्ये, मला जायचंय.

आता प्रश्न. ९ वर्षांचा अनुभव तिकडे धरतात का की परत पहिल्या पायरीवरून सुरुवात? बी.एड. किंवा तसलं काही लागतं का? माझं सगळं काम कंपनीचं, एनडीएखाली (गोपनीयतेच्या करारात), मग पोर्टफोलिओत दाखवायचं काय? आणि एआयमुळे आमच्याकडे जे झालं, पाचाचे दोघे राहिलो, तेच तिकडे होणार असेल तर उगाच घर बदलून उपयोग काय, हेही मनात येतं. स्टोरीलाईन या कोर्स बनवायच्या टूलचा क्लास आधी लावावा असं एक मैत्रीण म्हणतेय. ज्यांनी हा बदल केलाय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

---

नदीकाठ

मी हेच केलं, सात वर्षांपूर्वी, एडिटिंग धरून ११ वर्षं टेक रायटिंग करून मग. स्टोरीलाईनचा क्लास सध्या राहू दे असं मी म्हणेन, टूल दोन-तीन आठवड्यांत येतं, तुम्ही फ्लेअर शिकलाय म्हणजे तुम्हाला तर नक्कीच येईल. अडतं ते दुसरीकडेच.

आपण टेक रायटर लोक प्रॉडक्टच्या बाजूने विचार करतो. स्क्रीनवर सात फील्ड आहेत तर सातही लिहायची, एक सुटलं तर आपलं काम अर्धवट. आणि ते बरोबरच आहे, कारण गाईड हा अडल्यावर उघडायचा असतो, कोणाला सातवं फील्ड कधी लागेल आपल्याला माहीत नसतं. कोर्सचं उलटं आहे. कोर्स करणारा माणूस अजून अडलेलाच नसतो, त्याला प्रश्नच पडलेला नसतो, त्याला तुम्ही सात उत्तरं आधी देऊन ठेवली तर ती बसणार कुठे? तुमच्या ८६ स्लाईड्सचं हेच झालंय. लिखाण चांगलंच असणार त्यातलं, फक्त ते गाईडच्या जागी शोभणारं आहे.

मला माझ्या पहिल्या लीडनी एक काम दिलं होतं, तेच तुम्हाला सुचवतो. सपोर्टची मागच्या तीन महिन्यांची तिकिटं काढा आणि बसून वाचा, सगळी. ग्राहकाचं गोदाम नेमकं कुठे चुकतंय आणि सपोर्टचा नवा मुलगा नेमका कुठे अडकतोय ते वेगवेगळं लिहून काढा. मग जुन्या सपोर्टवाल्या दोघांपाशी अर्धा अर्धा दिवस नुसतं बसा, विचारू नका काही, बघा. अ‍ॅडी म्हणतात ना, १९७५ साली अमेरिकन आर्मीसाठी फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत तयार झालेलं ते मॉडेल, अ‍ॅनालिसिस डिझाईन डेव्हलपमेंट इम्प्लिमेंटेशन इव्हॅल्युएशन, त्यातला पहिला अ म्हणजे हेच, आणि सगळ्यात जास्त लोक तोच गाळतात कारण बॉसला स्लाईड्स दिसल्याशिवाय काम चाललंय असं वाटत नाही.

मग उद्दिष्ट लिहा, आणि त्यात समजणे, माहीत असणे हे शब्द वापरायचे नाहीत, कारण समजलं की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्येच तीन गोष्टी सांगून ठेवल्यात: माणूस काय करताना दिसेल, कुठल्या परिस्थितीत, आणि किती बरोबर आलं की पुरे. म्हणजे 'जीआरएन मॉड्यूल समजून घेणे' हे खोडायचं. त्याऐवजी लिहायचं, चलनापेक्षा (मालासोबत आलेल्या कागदावरच्या आकड्यापेक्षा) माल कमी उतरला तर चलन हातात ठेवून, कोणाला न विचारता जीआरएन बरोबर करता येणं. हे एकदा लिहिलं की तुमच्या ८६ मधल्या किती स्लाईड्स त्या वाक्याच्या कामाच्या आहेत ते आपोआप दिसतं. बाकीच्या फेकायच्या नाहीत, गाईडमध्ये त्यांची जागा आहेच, कोर्समधून लिंक द्यायची.

आणि क्विझ. 'जीआरएन म्हणजे काय' हा प्रश्न नको. असा विचारा: ट्रकमधून १०० ऐवजी ९२ बॉक्स उतरलेत, चलनावर १०० लिहिलंय, ड्रायव्हरला पुढच्या गोदामात जायचंय म्हणून तो घाई करतोय, गोदामातून फोन आलाय, त्यांना तुम्ही काय टाकायला सांगाल? १०० टाकून नंतर अ‍ॅडजस्ट करा म्हणालात तर लगेच चूक असं लाल अक्षरात दाखवायचं नाही, पुढचा सीन दाखवायचा, महिनाअखेरीला स्टॉक जुळत नाहीये आणि सप्लायर म्हणतोय तुम्हीच १०० मिळाले म्हणून नोंद केलीय. ते ८ बॉक्स मग विसरले जात नाहीत. तुम्हाला हे लिहिता येईल कारण गोदामात काय होतं हे ९ वर्षं बघितलंय. बाहेरून आलेल्या आयडीला (इन्स्ट्रक्शनल डिझायनरला) हा प्रसंग सुचायलाच महिना लागेल, त्यामुळे अनुभव धरतात का याचं उत्तर इथेच आहे असं मला वाटतं.

डिटा येतं म्हणताय तर अजून एक, डिटा १.२ मध्ये लर्निंग अँड ट्रेनिंगसाठी वेगळे टॉपिक टाईप आहेत, असेसमेंटसुद्धा. वापरणारे कमी भेटतात पण एकाच सोर्समधून गाईड आणि कोर्स चालवायचा असेल अशा ठिकाणी तुमचा बायोडेटा वेगळा उठून दिसेल.

---

मोडीवाचक

+१ नदीकाठ. मी एका कंपनीच्या एल अँड डी (लर्निंग अँड डेव्हलपमेंट) टीममध्ये आहे, आयडींच्या मुलाखती घेतो, त्यामुळे त्या बाजूने सांगतो.

बी.एड. लागत नाही, निदान कॉर्पोरेटमध्ये तरी मी कोणाला त्यावरून नाकारलेलं नाही. रीतसर शिकायचंच असेल तर मुंबईत एसएनडीटीचा जुहूला एज्युकेशनल टेक्नॉलॉजीचा विभाग आहे, आयआयटी मुंबईत याच विषयात पीएच.डी. होते, पण ते संशोधनाकडे जायचं असेल तर. नोकरी बदलायला दोन चांगले नमुने पुरतात.

पोर्टफोलिओसाठी कंपनीचं काहीही घेऊ नका, नाव झाकूनसुद्धा नको. मला एखाद्याने एनडीएतलं काम दाखवलं तर मी तिथेच थांबतो, उद्या आमचंही दाखवेल. घरातला प्रश्न घ्या. एका मुलीने मला आणून दाखवलेला नमुना अजून आठवतो. तिच्या आजोबांना कोणीतरी फोन करून क्यूआर कोड पाठवला, म्हणे पैसे जमा करतो, पिन टाका. तिने सगळं यूपीआय शिकवायच्या फंदात न पडता फक्त एकच गोष्ट पकडली, की पैसे यायला पिन कधीच लागत नाही. चार मिनिटांचं, तीन फोन येतात, प्रत्येक वेळी ठरवायचं, ठेवू की पिन टाकू. दुसरा फोन मुद्दाम खरा, तिसरा ओळखीच्या आवाजातला. आणि शेवटी पैसे गेलेच तर १९३० ला फोन, तो नंबर स्वतः डायल करायला लावला तिने. टूल कुठलं, एचफाईव्हपी, फुकटातलं. ग्राफिक्स साधे होते. पण सोबत दोन पानं जोडली होती, की मी आजोबा आणि त्यांच्या कट्ट्यावरच्या सहा जणांशी बोलले, त्यांना कुठे गोंधळ होतो ते असं सापडलं, म्हणून हे ठेवलं आणि हे काढलं, आणि पहिल्या आवृत्तीत अक्षर बारीक होतं म्हणून तिघांनी सोडून दिलं तर बदललं. मी ती दोन पानं वाचूनच निर्णय घेतला.

त्यामुळे काय काढलं आणि का काढलं हे लिहून ठेवा. स्क्रीन सुंदर असणं हे मला ग्राफिक डिझायनरकडून मिळतं.

आणि तांत्रिक बाजू टेक रायटर लोकांची चांगली असते, तिचा फायदा घ्या. स्वतःच्या लॅपटॉपवर मूडल (कोर्स चालवायची सिस्टिम) टाका, फुकट आहे, त्यात स्कॉर्म (कोर्स अशा सिस्टिमला जोडायचा ठरलेला फॉरमॅट) पॅकेज चढवून बघा कम्प्लिशन नीट नोंदतंय का. स्कॉर्म १.२ हे २००१ चं आहे तरी अजून निम्म्या ठिकाणी तेच मागतात. त्यात सस्पेंड डेटाला, म्हणजे शिकणारा कुठपर्यंत आला त्या नोंदीला, ४०९६ अक्षरांची मर्यादा आहे, मोठा कोर्स एकाच पॅकेजमध्ये कोंबला की शिकणारा मधेच सोडून परत आला तर त्याची जागा हरवू शकते आणि बिचारा परत पहिल्या स्लाईडवर. मुलाखतीत हे कोणी स्वतःहून बोललं की कळतं याने खरंच काम केलंय.

पगाराचं, पद एक पायरी खाली येऊ शकतं, सीनियर रायटरला नुसतं आयडी म्हणून घेतात. पगार तसाच ठेवून पद खाली घेणारे बरेच बघितलेत. पद धरून बसू नका, बाकी घासाघीस जरूर करा.

---

परतपावली

वरच्या दोघांचं पटतंय तरीपण मला दुसरी बाजू लिहायची आहे, कारण मी गेले आणि दीड वर्षात परत टेक रायटिंगला आले.

ताई, आयडी या एका नावाखाली दोन पूर्ण वेगळ्या नोकऱ्या असतात. नदीकाठ म्हणतायत ती कंपनीच्या आतली, जिथे शिकणारा माणूस तुमच्या मजल्यावर बसतो. मी गेले ते व्हेंडरकडे, म्हणजे परदेशी क्लायंटसाठी ई-लर्निंग बनवून देणारी कंपनी. तिथे मला १४ महिन्यांत एकदाही शिकणाऱ्याशी बोलायला मिळालं नाही. क्लायंटकडून पीपीटी यायची, आपण वर्डमध्ये स्टोरीबोर्ड करायचा, एका कॉलममध्ये ऑनस्क्रीन टेक्स्ट, एकात नॅरेशन, एकात ग्राफिक्सवाल्यांना सूचना, मग अल्फा, बीटा, गोल्ड अशा आवृत्त्या, आणि प्रत्येक फेरीत एसएमईचे (विषयातल्या तज्ज्ञाचे) बदल रात्री नऊच्या कॉलवर. अ‍ॅनालिसिस क्लायंटने केलंय असं धरून चालायचं, पण ते कोणीच केलेलं नसायचं. एकदा मी धीर करून विचारलं की हा कोर्स कोणासाठी आहे, तर उत्तर आलं ऑल एम्प्लॉईज. लॅबमधला माणूस आणि कॅन्टीनचा माणूस एकच ४० मिनिटांचं बघणार.

आणि नॅरेशन. क्लायंटला हवं असायचं की स्क्रीनवर जे लिहिलंय तेच शब्दशः वाचून दाखवा. रिचर्ड मायर यांचं यावर कितीतरी संशोधन आहे की चित्र, बोलणं आणि तेच लिहिलेलं असं तिन्ही एकदम दिलं की शिकणं कमी होतं, मी ते दाखवलं, तरी लीगलला हवंय म्हणून तसंच. मी शिकण्यासाठी गेले होते आणि शिकवण्याच्या विरुद्ध जाणारं काम सही करून देत होते असं मला वाटायला लागलं, झोप उडाली होती. आता परत डॉक्सला आहे आणि सुखात आहे. मुलाखतीत एवढंच विचारा की मला शिकणाऱ्याशी बोलायला मिळेल का आणि कोर्स झाल्यावर पुढे काय झालं हे कोणी बघतं का. गोलगोल उत्तर आलं तर पगार कितीही असो, नीट विचार करा.

---

शब्दवेल

परतपावली, हे एवढं मोकळेपणाने लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या हातात सध्या जी ऑफर यायची शक्यता आहे ती व्हेंडरकडचीच आहे, म्हणून जास्तच लागू पडतंय. मोडीवाचक, कम्प्लिशनपलीकडे तुमच्याकडे काही मोजतात का?

---

मोडीवाचक

सगळ्याचं नाही मोजत, खरं सांगतो. कर्कपॅट्रिकच्या चार पातळ्या आहेत, आवडलं का, आलं का, कामात वापरलं का, धंद्याला फरक पडला का. पहिल्या दोन सगळेच करतात कारण फॉर्म आणि क्विझ सोप्या. तिसरीसाठी सहा-आठ आठवड्यांनी परत जावं लागतं, सुपरवायझरला भेटावं लागतं, आणि तोवर पुढचा प्रोजेक्ट अंगावर आलेला असतो. आम्ही वर्षाला दोन-तीन महत्त्वाच्या कोर्सचं करतो, ठरवून. तुमच्याकडे तर तिकिटं आहेत, त्यावरून तिसरी पातळी आयती मोजता येईल, असं नशीब फार कमी आयडींचं असतं.

---

लाईन_नंबर_दोन

मी आयटीवाला नाही, चाकणला एका प्लांटमध्ये ट्रेनिंग बघतो, हा धागा बायकोने पाठवला म्हणून वाचला. आमच्याकडे कोणी इन्स्ट्रक्शनल डिझायनर म्हणत नाही पण काम हेच. ऑपरेटर नांदेड, लातूर, बुलढाण्याकडची मुलं, आयटीआय केलेली, अर्धी कॉन्ट्रॅक्टवर, दर काही महिन्यांनी नवी बॅच. मशीनचं मॅन्युअल जर्मनीहून इंग्रजीत येतं ते ऑफिसच्या कपाटात बंद.

आमच्याकडे चालतं ते ओपीएल, वन पॉइंट लेसन. एक कागद, एकच मुद्दा, मराठीत, एक फोटो बरोबरचा एक चुकीचा, आणि तो मशीनपाशी लावायचा, ऑपरेटरच्या डोळ्याच्या उंचीवर. नवीन माणसाला शिकवायची पद्धत पण ठरलेली आहे, आधी त्याला मोकळं करायचं, मग करून दाखवायचं, मग त्याला करू द्यायचं आणि करताना कारण बोलायला लावायचं, मग लक्ष ठेवायचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांत भराभर माणसं तयार करायला टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) म्हणून काढलं होतं त्यातलं आहे हे, पुढे जपानात गेलं आणि तिथून फिरून आमच्यापर्यंत. तिसरी पायरी महत्त्वाची, कारण बोलायला लावलं की कळतं. एक मुलगा टॉर्क रेंचचा (बोल्ट ठरलेल्या ताकदीनेच आवळायचा पाना) कट आवाज आल्यावर अजून एक झटका द्यायचा, चार वेळा सांगून झालं होतं. त्याला बोलत बोलत करायला लावलं तर म्हणाला सर पक्कं बसावं म्हणून. म्हणजे निष्काळजी नव्हता, उलट काळजीनेच जास्त आवळत होता. मग त्याला जास्त आवळल्याने ताणला गेलेला बोल्ट हातात दिला, नव्याशेजारी धरून बघ म्हटलं, तिथून पुढे कधी नाही केलं त्याने.

सांगायचं काय तर ताई तुम्हाला नीट मराठी लिहिता येतं, मशीनचं आणि सॉफ्टवेअरचं पण कळतं, अशी माणसं आम्हाला मिळत नाहीत. एजन्सी भाषांतर करून देते त्यात 'घट्टीकरण बलाघूर्ण' असं काहीतरी येतं, ते पोरांना काय मलाही कळत नाही, लाईनवर सगळे टॉर्कच म्हणतात. बाणेरच्या बाहेर पण हे काम आहे एवढं लक्षात ठेवा. पगार आयटीएवढा नसतो ते मात्र खरं.

---

नदीकाठ

टॉर्क रेंचचं उदाहरण मी माझ्या टीमला सांगणार आहे, तुमची परवानगी धरून. माणूस चुकतो तेव्हा त्याच्या डोक्यात काहीतरी कारण असतं आणि ते ऐकल्याशिवाय कोर्स लिहायला बसू नये, हे मला उमगायला चार वर्षं लागली.

एआयचं उत्तर राहिलं होतं. स्लाईड, नॅरेशन, क्विझचे प्रश्न हे एआय आत्ताच बनवतं आणि बऱ्यापैकी बनवतं, त्यामुळे परतपावली सांगतायत तसली पीपीटीवरून कोर्स करायची कामं कमी होतील असं मला वाटतं. त्या मुलाला बोलतं करायला मात्र शेजारी उभंच राहावं लागलं ना. तुम्ही जाल तिथे ते काम तुमच्याकडे असेल अशी जागा बघा.

---

शब्दवेल

महिन्याने परत आलेय, सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवेना.

तिकिटं वाचली, तीन महिन्यांची, दोन शनिवार गेले. मला वाटलं होतं बॅच आणि एक्स्पायरीवर जास्त असतील कारण गाईडमध्ये त्यावर मी सगळ्यात जास्त पानं लिहिलीत. निघालं भलतंच, मोठा गठ्ठा कमी आलेल्या मालाचा आणि चुकीच्या पीओवर (खरेदी ऑर्डरवर) केलेल्या जीआरएनचा. आणि दोन जुन्या मुलांपाशी बसले तेव्हा बघितलं की ते फोन आल्यावर सॉफ्टवेअर उघडतच नाहीत आधी, पहिला प्रश्न विचारतात, चलन समोर आहे का? हे माझ्या १४० पानांच्या गाईडमध्ये कुठेच नाहीये, आणि सगळ्या कामाची सुरुवात तिथून होते.

मग ८६ स्लाईड्स बाजूला ठेवल्या आणि पाच फोन लिहिले, खरे आलेले, नावं बदलून. प्रत्येक फोनमध्ये नवीन मुलाने ठरवायचं काय विचारू, काय करायला सांगू, आणि चुकलं तर महिनाअखेरीचा फोन. टूल काही नाही, पीपीटी आणि लिंक्स. शेवटच्या बॅचमधल्या चार जणांना दिलं. एकीने पहिल्याच फोनला १०० टाकायला सांगितलं आणि पुढचा सीन बघून म्हणाली, अगं बाई, मी काल खरंच एकाला असंच सांगितलंय, आणि उठून त्या गोदामाला फोन लावायला गेली. मी तिथेच बसून राहिले थोडा वेळ.

व्हेंडरची ऑफर आली होती, परतपावलींनी सांगितलेले दोन्ही प्रश्न विचारले, दोन्हींचं उत्तर 'क्लायंटवर अवलंबून' असं आलं, नाही म्हटलं त्यांना. मॅनेजरशी बोलले, सध्या निम्मा वेळ डॉक्स आणि निम्मा ट्रेनिंग असं सहा महिन्यांसाठी ठरलंय, पगार तोच. पोर्टफोलिओसाठी घरचा विषय घेतलाय, आईला गॅसचा रेग्युलेटर बदलायची भीती वाटते, दर वेळी शेजारच्या काकांना बोलावते. परवा तिला बोलत बोलत करायला लावलं तर कळलं तिला गॅसची भीती नाहीये, तो बसल्याचा खट आवाज तिला ऐकू येत नाही. आता आवाजाशिवाय ते कसं ओळखायचं यावर काम चालू आहे, लाईन_नंबर_दोन, तुमच्याकडे कमी ऐकू येणाऱ्या ऑपरेटरसाठी काय करता ते सांगाल का?